माचू पिच्चूच्या ताली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. चुना नाही, सिमेंट नाही, मग पेरूच्या डोंगरातलं इंका लोकांचं माचू पिच्चू साडेपाचशे वर्षं उभं कसं, असं तू विचारलंस. मंदिरांचे घासून बसवलेले दगड सगळेच बघतात; तू खालच्या शेताच्या ताली, म्हणजे उतारावर दगडी भिंती घालून केलेल्या पायऱ्या, बघ. खरी कारागिरी तिथे आहे, आणि तीही जमिनीखाली.

तालीची भिंत दगड कच्चा म्हणून क्वचितच पडते. मागच्या भरावात पाणी तुंबतं, भिंतीला पोट सुटतं आणि एखाद्या पावसात ती बसते. इथे तर २,४३० मीटर उंचीवरचा उभा उतार आणि वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या कोकणाहून कमी. म्हणून १४५०च्या सुमारास, पाचाकुती राजाच्या काळात, इंकांनी भराव थराथराने घातला. तळाशी मोठे दगड आणि घडाईत उडालेल्या चिपा, त्यावर खडी, मग वाळूमिश्रित माती, आणि सगळ्यात वर कसदार माती. मधला थर आळसाने वगळला तर वरची बारीक माती खडीत उतरते, फटी बुजतात आणि निचरा संपतो. भिंत डोंगराकडे किंचित कललेली. शिवाय पाणी बाहेर पडायला गावभर सुमारे १३० मोऱ्या! जलतज्ज्ञ केनेथ राइट यांच्या अंदाजाने इथलं जवळजवळ ६० टक्के बांधकाम पाया आणि निचऱ्यातच गेलंय.

एक गैरसमज मात्र काढून टाक. झऱ्यापासून आलेला ७४९ मीटरचा पाट शेतीसाठी नव्हता. मका-बटाट्याला पाऊसच पुरे होता. पाट पिण्याच्या पाण्याचा. तो १६ कारंज्यांना एकामागून एक पाणी देई, पहिलं राजाच्या निवासाशेजारी. झरा मिनिटाला २३ ते १२५ लिटर देतो, पाट मात्र ३०० लिटर वाहून नेईल एवढा. असा हात सैल सोडणारा माणूस मला आवडतो.

नांगराला बैल नव्हते. ते स्पॅनिश लोकांनी आणले. लामा हा तिथला उंटाच्या कुळातला प्राणी ओझं वाहतो, नांगर ओढत नाही. म्हणून पायाने दाबायचा लांब दांड्याचा चाकिताक्या. पुरुष रांगेत मागे सरकत ढेकूळ उचकटतात, समोरची बाई ते हाताने उलटते. कुस्कोच्या डोंगरात आजही अशी नांगरट दिसते.

तुझा,
माधव