वकीलताई, बक्षीसपत्र करू दिलं नाहीत म्हणून

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद हे आभार उघड लिहितो आहोत, कारण म्हातारपणाच्या कागदांसाठी वकील शोधताना नेमकं काय पाहायचं, हे तुमच्या कामावरून इतरांनाही कळावं.

‘ज्येष्ठांचे वकील’ अशी पाटी आपल्याकडे कुठे लागत नाही. वकिलाला जाहिरातीची मनाई आहे. मग लोक कुणाच्या तरी ओळखीने जातात, नाहीतर निबंधक कार्यालयाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून नावगाव बदललेला छापील मसुदा घेऊन येतात. तुमच्याकडे मात्र आधी मुलगा-सून बाहेर बसतात आणि मालमत्ता ज्याची, त्याच्याशी तुम्ही एकट्याने बोलता. काहींना राग येतो, येऊ दे. ज्याला लाभ व्हायचा त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, तर कोर्ट त्याकडे संशयाने पाहतं.

कागद मागतानाही नुसता सातबारा तुम्हाला चालत नाही, जुने फेरफार, म्हणजे नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, लागतात. उताऱ्यावर एकट्याचं नाव दिसलं, तरी जमीन स्वकष्टाची की वडिलोपार्जित, हे फेरफारच सांगतो. वडिलोपार्जित निघाली तर मृत्युपत्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतं होतं आणि मुलींचा हिस्सा धरावाच लागतो. फ्लॅटसाठी इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, दोन्ही.

सगळ्यात मोठे आभार बक्षीसपत्राचे. राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा जोडीदाराला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार लागला तर वेगळा. या 200 रुपयांच्या मोहाने किती घरं गेली! नोंदणी झाली की मालकी गेली, नंतर मन बदलून उपयोग नाही. सांभाळ न केल्यास दिलेली मालमत्ता परत मिळवून देणारं ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 चं कलम 23 आहे, पण त्यासाठी सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिलेली असावी लागते. अशी अट दिसत नसेल तर कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, पण तिथे सांभाळाचं लेखी वचन हाताशी होतं. म्हणून तुमचा आग्रह: शक्यतो मृत्युपत्रच, कारण मरेपर्यंत मालक आपण आणि ते कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात अन्न, औषधपाणी, हयातभर राहण्याचा हक्क आणि हे न पाळल्यास बक्षीस रद्द, एवढं स्पष्ट लिहायचं.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक, तरी तुम्ही करायला लावता. चूक होते ती साक्षीदारांत. दोघांनीही सही होताना पाहिलेली असावी आणि त्यांनी करणाऱ्याच्या समोर सह्या कराव्यात. ते लाभार्थी नसावेत आणि वयाने करणाऱ्याहून लहान असावेत. समवयस्क मित्र घेतला तर कोर्टात सांगायला तोच उरत नाही. डॉक्टरचा दाखला त्याच तारखेचा हवा. एखाद्या अपत्याला कमी दिलं तर कारण दोन ओळींत लिहावं. ‘इथे न लिहिलेली व पुढे मिळणारी मालमत्ता’ हे कलम छापील मसुद्यात बहुधा नसतंच, आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

निपुत्रिक विधवा सभासदांना तुम्ही सांगितलंत ते फार थोड्या वकिलांना सुचतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू स्त्रीची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी सासरच्या वारसांकडे जाते, माहेरच्या भावंडांकडे नाही. नॉमिनीबद्दलही तेच ठणकावणं: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात, म्हणून मृत्युपत्र टाळायचं नाही.

मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा, भ्रम तर घरोघरी आहे. ‘विसरायला लागलो की मुलगा बघेल’, असं म्हणून ते केलं जातं. पण करून देणाऱ्याची बुद्धी काम करेनाशी झाली की आपल्याकडे मुखत्यारपत्रच संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात, कोमातल्या माणसासाठी बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं. बँकेचं खातं ‘दोघांपैकी कोणीही’ असं शहाणपणाने आधीच करावं, तेही विश्वासाच्या माणसासोबत. उपचार थांबवण्याबद्दलचं इच्छापत्र वेगळं असतं. 2023 पासून त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

फी तुम्ही कामाआधी लिहून देता. मिळणाऱ्या मालमत्तेत हिस्सा मागणं वकिलाला नियमाने मना आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारला तर बिचकत नाही.

आणि मुलांकडून पोटगी मिळावी म्हणून आलेल्यांना तुम्ही परत पाठवलंत, त्याचे आभार कसे मानावेत? प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज स्वतः करता येतो, कायद्याने तिथे वकील अपेक्षितच नाही. पोटगी महिना 10,000 रुपयांपर्यंत, निकाल साधारण 90 दिवसांत. वकील लागलाच तर मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण 15100 या फोन क्रमांकावर आहे, महिलांना उत्पन्नाची अटही नाही. हे सगळं फी न घेता.

पुढच्या महिन्यात आणखी सहा सभासद येतील. फेरफार आणायला सांगून ठेवलं आहे.

आपले,
ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद