साठ रुपयांचा हुकूम

सोलापूर,
8 जानेवारी

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि खणात ठेवून दिलं. लगेच लिहायला बसलो असतो तर काहीतरी वाकडं लिहून गेलो असतो. अमेरिकेत सूनबाईपासून वेगळ्या झालेल्या तुझ्या संदीपचा पगार हातात पडायच्या आधीच नातीच्या पोटगीचे पैसे कापले जातात, याने तू दुखावला आहेस. सरकारला पोरीचं काही पडलेलं नाही, ते यात आपला खिसा भरतं, असं तुझं म्हणणं. "तू जन्मभर पोटगीचे अर्ज टाइप केलेस, तूच सांग सरकारचा यात हेतू काय," असं विचारलंस. सांगतो. पण हे माझ्या घरचंही आहे, तेव्हा आधी तिथूनच सुरू करावं लागेल.

आमच्या चाळीतली ती दुपार तुला आठवते का? आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती आणि तू नि मी पानं कापून देत होतो. पोस्टमन आला, तर आईने हात पुसून त्याच्याकडे असं बघितलं की तू मला हळूच विचारलंस, "कुणाची वाट बघते रे?" ती मनिऑर्डरची वाट बघत होती. 1976 साली कोर्टाने हुकूम केला होता, दरमहा साठ रुपये. पस्तीस तिचे, पंचवीस माझे. वडील तेव्हा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होते. पहिल्या वर्षात दोन मनिऑर्डरी आल्या, तिसरी आलीच नाही.

आईने वसुलीचा अर्ज केला. वॉरंट भिवंडीला गेलं आणि 'इसम पत्त्यावर मिळून येत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. शेवटी ती स्वतः एका नातेवाइकाला घेऊन भिवंडीला गेली, कारखाना दाखवला, तेव्हा अटक झाली. त्या प्रवासाचे पैसे तिने विड्यांच्या उचलीतून घेतले होते. वडील महिनाभर आत बसले, पण एक पैसा भरला नाही. सुटल्यावर निरोप पाठवला, "शिक्षा भोगली, आता फिटलं." आईने ते खरं मानलं, चाळीतल्या शहाण्या माणसांनीही मानलं. माझी पंचवीस रुपयांची बाकी अशी एका महिन्याच्या कैदेत बुडाली.

श्रीकांत, ती फिटली नव्हती. पुढे कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावल्यावर एका वकिलांसाठी निकाल उतरवताना मला ते कळलं. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की तुरुंग ही पैसे द्यायला भाग पाडायची रीत आहे. तुरुंगात जाऊन देणं संपत नाही, पैसे दिले तरच संपतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. तो कागद मशीनवरून काढून किती वेळ हातात धरून बसलो होतो, ते आजही आठवतं.

आता तुझा प्रश्न. आपल्याकडच्या सरकारचा मूळ हेतू फार मायेचा नव्हता. हा पोटगीचा कायदा इंग्रजांच्या 1872 च्या फौजदारी संहितेत होता. व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचं काम बघणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने ती मांडली आणि कारण सरळ सांगून टाकलं: भटकेगिरी रोखावी, निदान तिचे परिणाम तरी रोखावेत. टाकून दिलेली बाई आणि पोरं रस्त्यावर आली की भीक मागतील, चोरी करतील, शहराची शांतता बिघडेल, ही त्यांची चिंता. म्हणून खाण्यापिण्याची ही बाब दिवाणीत न टाकता मॅजिस्ट्रेटच्या पुढ्यात ठेवली. बाईचं दुःख त्यात दुसऱ्या जागी होतं.

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांनी त्याच कलमात वेगळा जीव ओतला. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी फौजदारी संहितेतल्या पोटगीच्या कलम 125 ला सामाजिक न्यायाचं साधन म्हटलं आणि त्याची मुळं संविधानाच्या अनुच्छेद 15(3) आणि 39 मध्ये दाखवली. 2001 साली पाचशे रुपयांची कमाल मर्यादा उठली, अंतरिम पोटगी आली. 2020 च्या नोव्हेंबरात रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आला. दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. माझ्या टेबलावर त्या प्रतिज्ञापत्राचा नमुना तेव्हापासून रोज लागतो. 1 जुलै 2024 पासून 125 चं कलम 144 झालं, नव्या संहितेत. पण वसुलीची वाट तीच राहिली: बाईने एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, वॉरंट निघायचं, आणि नाहीच दिले तर जास्तीत जास्त महिनाभर कैद.

अमेरिकेबद्दल तुझा संशय निराधार नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तिथे सरकार यात उतरलं ते पैशासाठीच. नवऱ्याने सोडलेल्या बायांना सरकार रोख मदत देत होतं, तो खर्च वाढत चालला, आणि सिनेटर रसेल लाँग यांच्यासारख्यांनी लावून धरलं की हे पैसे बापांकडून वसूल करा. 1975 च्या जानेवारीत अध्यक्ष फोर्ड यांनी त्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून जी आई सरकारी रोख मदत घेते, तिला पोटगीचा हक्क सरकारच्या नावे करून द्यावा लागतो, बाप कोण आणि कुठे ते सांगायला मदत करावी लागते. बापाकडून आलेला पैसा मग आधी सरकारच्या खर्चात वळता होतो. काही राज्यं त्यातला थोडा भाग आईला देतात, काही देत नाहीत. वसुलीच्या कारभाराला राज्याला जो खर्च येतो, त्यातला 66 टक्के केंद्र उचलतं, वर चांगल्या वसुलीला बक्षीस रक्कम देतं. गरीब बाप दूध आणि डायपर घेऊन गेला तर ते हिशेबात धरत नाहीत, आणि त्याने भरलेला डॉलर लेकरापर्यंत पोचत नाही. हे मला अन्यायाचंच वाटतं.

पण संदीपच्या बाबतीत तसं नाही. सूनबाई नोकरी करते, सरकारी मदत घेत नाही. त्याच्या पगारातून कापलेले पैसे तिथल्या वसुली खात्यामार्फत तिच्याकडे, म्हणजे तुझ्या नातीकडेच जातात. वसुलीतला बहुतेक पैसा असाच घराघरांत जातो. सरकारच्या मनात काय आहे ते असो, पोरीच्या शाळेचे आणि जेवणाचे पैसे तारखेला पोचतात. माझ्या आईला पोस्टमनच्या पिशवीकडे बघावं लागलं, तसं तुझ्या सुनेला बघावं लागत नाही. तू ज्याला अपमान म्हणतोस, त्या पगारकपातीसाठी माझ्या आईने सिद्धरामेश्वराला नवस बोलला असता.

एक गोष्ट मात्र संदीपला आजच कळव. तिथे 1986 पासून असा नियम आहे की एकदा चढलेली थकबाकी मागच्या तारखेने कमी होत नाही. त्याची नोकरी डळमळीत आहे असं तू लिहिलंस. नोकरी गेली तर त्याच आठवड्यात रक्कम कमी करण्याचा अर्ज दाखल करायचा, "नवी लागली की बघू" म्हणत बसायचं नाही. अडीच हजार डॉलरच्या वर बाकी गेली की पासपोर्ट मिळत नाही, लायसन्सवरही गदा येते. मग तुला भेटायलाही येता येणार नाही त्याला.

आता मला जे खरोखर सलतं ते लिहितो. परवा एक बाई आली होती, विडी कामगार, दोन मुलं. दरमहा चार हजारांचा हुकूम, आणि एक छदाम आलेला नाही. वसुलीचा अर्ज टाइप करून झाल्यावर तिने पिशवीतून दुसरा कागद काढला, संजय गांधी निराधार योजनेचा, भरून द्या म्हणाली. त्या योजनेच्या अटींत घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेली बाई अशी वेगळी वर्गवारीच आहे. म्हणजे कोर्टाचा हुकूम बाईपर्यंत पोचत नाही, हे सरकारला ठाऊक आहे, त्याने ते लेखी मान्य करून ठेवलंय. मग दरमहा पंधराशे रुपये ते स्वतः देतं. देतं हे चांगलंच करतं, तिच्या घरी त्यावर चूल पेटते. पण ते पंधराशे त्या नवऱ्याच्या वाटणीचे होते आणि त्याच्याकडे मागायला कुणीच जात नाही. तहसीलमधल्या टेबलाला कोर्टातल्या टेबलाची खबर नसते. दोन्हीकडे खेटे घालते ती एकटी बाईच.

तुझ्या मोहोळच्या भावाचा ऊस आठव. कारखान्याला ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी लागते, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. थकली तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, काढतात आणि महसूल खातं कारखान्याची साखर जप्त करायला जातं. ते पैसेही कधी वेळेवर येत नाहीत, आंदोलनं करावी लागतात, मला माहीत आहे. पण निदान मागणारा सरकारी अधिकारी असतो. भावाला स्वतः कारखान्याच्या गोदामात जाऊन साखर दाखवावी लागत नाही. माझ्या आईला भिवंडीत जाऊन नवरा दाखवावा लागला.

स्वीडनमध्ये 1930 च्या दशकापासून आणि जर्मनीत 1980 पासून बापाने दिले नाहीत तर सरकार लेकराला आधी ठराविक रक्कम देतं, आणि मग ती बापाकडून स्वतः वसूल करतं. मला हे पटतं. आपल्या सरकारने पंधराशे द्यावेत, मुलांचे वेगळे द्यावेत, आणि मग आपली बाकी म्हणून त्या माणसाच्या मागे लागावं, शेतसाऱ्याच्या बाकीसाठी लागतं तसं. त्यात सरकारचा स्वार्थ असला तरी चालेल मला. तिजोरीतून पैसा गेला की वॉरंटवरचा शेरा बदलतो, ही माझी तीस वर्षांची समजूत आहे. हातावर पोट असलेल्या बापाकडून मात्र त्याला झेपेल तेवढंच घ्यावं, अमेरिकेतल्यासारखा कर्जाचा डोंगर चढवू नये. मागावरचे मजूर मी जवळून पाहिलेत. सगळेच माझ्या वडिलांसारखे नसतात.

तुझ्यावर रागावलो होतो ते मोकळेपणी सांगून टाकतो. संदीप माझ्याही अंगाखांद्यावर वाढला. तो पैसे भरतोय हे वाचून मला त्याचा अभिमान वाटला, आणि तुझ्या पत्रात तो अभिमान कुठेच दिसला नाही म्हणून लागलं. फोनवर त्याला एकदा म्हण, चांगलं करतोयस बाबा. तू म्हणालास तर त्याला फरक पडेल.

इकडे थंडी बरी आहे. रात्री सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा सराव चालतो, आवाज घरापर्यंत येतो. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला ये, दोन दिवस राहा. पांढरे कपडे आणायला विसरू नकोस, मागच्या वेळी माझा सदरा तुला आखूड झाला होता. बायकोने शेंगाचटणी कुटून ठेवलीय, कडक भाकरीही बांधून देईल. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळव.

आईच्या ट्रंकेत तो 1976 चा हुकूम अजून आहे, चार घड्या घातलेला. आलास की दाखवतो. मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने आलेल्या पैशांच्या तारखा लिहायला ओळी आखल्या होत्या. दोनच भरल्या आहेत.

तुझा,
विजय