गिंकोचं 'फळ' हे फळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गिंको वृक्षावरचा लेख आवडला, पण छायाचित्राखाली 'गिंकोची पिकलेली फळे' असं वाचलं आणि माझ्यातली निवृत्त शिक्षिका जागी झाली. गिंको अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बीचा वृक्ष आहे. फूल नाही, अंडाशय नाही, मग फळ कुठून येणार? जर्दाळूसारखं दिसतंय ते उघडं बी. वरचा पिवळसर गर हा बीजावरणाचाच मांसल थर आणि खवट लोण्यासारखा वास त्यातल्या ब्युटिरिक आम्लाचा.

'कोट्यवधी वर्षांत काहीही न बदललेला वृक्ष' हेही खटकलं. चीनमधल्या यिमा इथल्या सुमारे 17 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत गिंकोची पानं खोलवर चिरलेली आहेत आणि प्रत्येक बीजांडाला (ज्याचं पुढे बी होतं) स्वतःचा वेगळा देठ आहे. चीनमधल्याच ल्याओनिंगमध्ये सापडलेल्या सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीच्या गिंकोत ते छोटे देठ गेलेले दिसतात. आज सामाईक देठाच्या टोकाला बहुधा दोनच बीजांडं असतात आणि त्यांतलंही एकच पोसतं. बदल झाला, फक्त सावकाश. एवढ्या मोठ्या कुळातली आज एकच जाती उरली आहे, ही गोष्ट मात्र लेखात एका ओळीत उरकली!

आणि सगळ्यात नवलाचं तर राहूनच गेलं. नर झाडाचे परागकण वसंतात वाऱ्याबरोबर मादी झाडावर पोहोचतात, पण फलन होतं चार-पाच महिन्यांनी. तेव्हा परागनलिकेतून सुटलेली शुक्रपेशी कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक तंतू, हलवत चक्क पोहत जाते, नेच्यांच्या शुक्रपेशीसारखी. 1896 मध्ये जपानच्या साकुगोरो हिरासे यांनी हे पाहिलं. ते मुळात चित्रकार म्हणून विद्यापीठात लागले होते, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे.

एका विद्यार्थ्याने पाठवलेलं गिंकोचं पान माझ्या वहीत आहे. पिवळा रंग उडून तपकिरी झालंय, शिरा मात्र स्पष्ट दिसतात. मधली मुख्य शीर नाही, आडव्या शिरांची जाळी नाही. देठातून निघालेली शीर दुभंगते, तिच्या फांद्या पुन्हा दुभंगतात, अशा थेट कडेपर्यंत. मुलं भिंगाखाली हे फाटे मोजायची आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

छायाचित्राखालची ओळ तेवढी पुढच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक