चिमे, चेहऱ्याला आता नवीन काही लावू नकोस

प्रिय चिमे,

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी इतक्या वेळा झूम करून बघितला की नंतर झोपच लागेना, म्हणून सकाळी उठून लिहायलाच बसले, फोनवर अर्धं राहून जातं. गाल, नाक, हनुवटी, तिथेच पुळ्या, आणि तू म्हणतेस गरम चहा घेतला की चेहरा भट्टीसारखा तापतो. अगं चार वर्षांपूर्वी मी आईला हेच सांगत होते आणि ती म्हणायची पित्त झालंय, सब्जा पी.

मी काही डॉक्टर नाही, फोटो बघून मला झाला तो रोझेशियाच, म्हणजे चेहरा लाल होऊन तापतो आणि पुळ्या येतात तो त्वचेचा आजार, तुला आहे असं मी म्हणणार नाही. पण माझं निदान व्हायला दोन वर्षं लागली, ती तुझी जाऊ नयेत एवढंच वाटतं. नेटवर रोझेशियाचे जे फोटो दिसतात ते बहुतेक गोऱ्या लोकांचे, टोमॅटोसारखे लाल गाल. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर ती लाली तशी दिसतच नाही, तपकिरी किंवा जांभळट झाक येते, मग घरचे म्हणतात उन्हानं रापलीस आणि पार्लरवाली म्हणते पिगमेंटेशन आहे, ब्लीच करू. म्हणून आरशात लाली शोधत बसू नकोस, आग होते का, चुरचुरतं का, गाल अचानक गरम होतात का ते बघ. माझ्या डॉक्टरांनी काचेची पट्टी गालावर दाबली, रंग क्षणभर गेला आणि पट्टी उचलल्यावर परत भरला, म्हणजे तो रंग रक्तवाहिन्यांचा. ब्लॅकहेड्स नव्हते, म्हणून साधे पिंपल्स नाहीत म्हणाले. गालावर असे चट्टे ल्युपस नावाच्या दुसऱ्या आजारातही येतात म्हणून सांधे दुखतात का ते विचारलं, रक्त तपासलं. आणि मग विचारलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का? मला वर्षात दोनदा रांजणवाडी झाली होती, त्याचा चेहऱ्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तुझे डोळे लाल असतात ना सारखे, ते डॉक्टरांना नक्की सांग.

आता त्या मलमाबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय. तू लिहिलंस की मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावलं की चार दिवसांत चेहरा एकदम स्वच्छ होतो आणि बंद केलं की दुप्पट येतं. चिमे, ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, यातलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड आहे. मलाही असंच काउंटरवरून मिळालं होतं, आठ महिने लावलं, लग्नसराईत तर रोज, आणि सगळे म्हणायचे काय ग्लो आलाय. त्यानं कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात आणि रोझेशियासारखाच त्रास उभा राहतो, नसलेल्यालासुद्धा. हे आपल्याकडे इतकं पसरलंय की भारतातल्याच डॉक्टरांनी २००८ साली त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडच्या मलमानं बिघडलेला चेहरा, असं नाव दिलं, आणि २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी मिळतात, तुला मिळालंच की. पण मनानं एकदम बंद करून घरी बसू नकोस, बंद केल्यावर चेहरा आधी भडकतो, माझा पाच आठवडे भडकला होता, आरशासमोर रडायचे मी. ते दिवस डॉक्टरांच्या हाताखाली काढ.

लिंबू, बेसन, हळद, मुलतानी माती, वाफ घेणं, सगळं बंद. काकूंना वाईट वाटेल पण सांग. मी चेहरा कोमट पाण्यानं, साबण नसलेल्या क्लेन्झरनं धुते, टॉवेलनं घासत नाही, नुसतं टिपते, मग साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं, एसपीएफ तीसच्या वरचं, बाकीची मला झोंबली. पांढरं पांढरं दिसतं म्हणून मी टिंटवालं घेते. नवीन काहीही आधी मानेवर चार दिवस लावून बघते.

आणि एक वही कर. मी दोन महिने लिहिलं तेव्हा कळलं की माझा शत्रू चहा नव्हता, चहाचा गरमपणा होता, आता पाच मिनिटं निवू देते आणि दोन्ही वेळचा चहा पिते. नागपूरचा मे महिना, सावजीचा रस्सा, एसीतून थेट उन्हात जाणं, आणि गॅससमोर उभं राहून वीस पोळ्या, हे सगळं वहीत सापडलं. पोळ्या आता सकाळी लवकर करते, पंखा मागे लावून. तुला कदाचित तिखटानं काहीच होणार नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून माझी यादी घेऊन उगाच जेवण सोडू नकोस.

मला आधी मेट्रोनिडाझोल जेल दिलं, नंतर आयव्हरमेक्टिन क्रीम. आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात, रोझेशियात ते जास्त सापडतात, त्यांच्यासाठी हे क्रीम. ऐकून किळस आली होती मला, पण तो घाणीचा प्रकार नाही आणि हा त्रास कुणाला लागतही नाही, पिल्लूला खुशाल जवळ घे. सहा आठवडे काहीच फरक वाटला नाही, तिसऱ्या महिन्यात पुळ्या गेल्या. नाकाजवळच्या शिरा मात्र क्रीमनं जात नाहीत, त्याला लेझर लागतं, ते मी अजून केलं नाही. कधीकधी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, तू दुसऱ्या बाळाचा विचार करतेयस ना, ते चिठ्ठी लिहायच्या आधी सांग, गरोदरपणात त्या चालत नाहीत. पूर्ण बरं होतं असं नाही गं, पण आटोक्यात राहतं, माझं दीड वर्ष आहे.

या शनिवारी स्किनच्या डॉक्टरांकडे जा, घरातल्या सगळ्या ट्यूब्स पिशवीत घालून ने, रिकाम्यासुद्धा. जायच्या आधी मेकअप न करता खिडकीच्या उजेडात एक फोटो काढ आणि दर रविवारी त्याच खिडकीत काढत जा, मला पाठव. बाहेर आलीस की लगेच फोन कर, मी शनिवारी घरीच आहे.

तुझीच,
ठमी