हिवाळी अधिवेशनात ‘प्रश्न उद्भवत नाही’ नको, थकबाकीचा तक्ता हवा

प्रति,
संपादक,

महोदय,

येत्या ८ डिसेंबर २०२५ पासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरत आहे. वर्षातून एक अधिवेशन इथे व्हावे हे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. यंदा विदर्भाने विचारावा असा प्रश्न एकच आहे : सरकारची देणी किती थकली आहेत आणि ती कधी फिटणार?

२०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडतानाच ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट (रोजच्या खर्चाला उत्पन्न जेवढे कमी पडते ती) आणि १,३६,२३५ कोटींची राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायची एकूण तूट) दाखवली होती. पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च) आल्या, म्हणजे सात लाख कोटींच्या मूळ अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त. अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. लाडकी बहीण योजनेची ३६,००० कोटींची तरतूद आहेच. यातला कोणता खर्च बरोबर आणि कोणता चूक, हा वाद या पत्रात घालायचा नाही. पैसा नेमका कुठे अडला आहे ते सभागृहात नीट विचारले जावे आणि मुख्यमंत्र्यांनी स्वतः उभे राहून सांगावे, एवढेच म्हणणे आहे. आजच्या साच्यातून ते होणार नाही.

हा साचा अधिवेशनाची प्रश्नोत्तरांची यादी चाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. नमुना म्हणून थकीत देयकांवरचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, घेऊ :

‘(१) नागपूर विभागातील कंत्राटदारांची कोट्यवधी रुपयांची देयके कोषागारात प्रलंबित असल्याचे माहे ऑक्टोबर, २०२५ मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

याचे उत्तर दोन ओळींत येते : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

आणि हे उत्तर खोटेही नसते. गोम ‘कोषागारात’ या एका शब्दात आहे. काम झाले की त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, उपविभागातून देयक विभागीय कार्यालयात जाते, तिथे तपासले जाते आणि मग निधीची मागणी वर जाते. बीम्स या राज्याच्या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी वितरित झाल्याशिवाय प्राधिकारपत्र निघत नाही आणि ते जोडल्याशिवाय कोषागार देयक घेतच नाही. पैशांची चणचण असते तेव्हा देयके अडतात ती त्याच्या अलीकडे, कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातल्या कपाटात. कोषागाराची प्रलंबित यादी ‘निरंक’ राहते आणि ठेकेदाराच्या हाताखालचा सेंट्रिंगवाला, गिट्टी पुरवणारा, रोजीवरचे मजूर सहा-सहा महिने थांबतात. प्रश्नात चुकीची जागा लिहिली की उत्तर सुटते.

दुसरी फट ‘हे खरे आहे काय’ या शब्दांचीच. पहिल्या भागातली एक तारीख, एक रक्कम किंवा एका कार्यालयाचे नाव जरी चुकले तरी ‘नाही’ म्हणायची सोय होते आणि बाकीचे सगळे भाग त्या एका शब्दाला टांगलेले असल्यामुळे गळून पडतात. गैरव्यवहाराच्या तक्रारीसाठी हा साचा ठीक असेल. पैशांच्या हिशेबाला तो निरुपयोगी आहे, कारण हिशेब खरा की खोटा असे विचारायचे नसते, किती ते विचारायचे असते.

तोच प्रश्न असा विचारता येईल :

‘(१) दि. ३१ ऑक्टोबर, २०२५ रोजी नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ज्या कामांची नोंद मोजमाप पुस्तिकेत झाली आहे परंतु रक्कम अदा झालेली नाही, अशा देयकांची जिल्हानिहाय संख्या व रक्कम किती आहे; (२) त्यांपैकी ९० दिवसांपर्यंतची, ९१ ते १८० दिवसांची, १८१ ते ३६५ दिवसांची आणि त्याहून जुनी देयके किती आहेत; (३) त्याच लेखाशीर्षांवर सन २०२५-२६ ची मूळ तरतूद, पुरवणी मागणीने झालेली वाढ आणि बीम्स प्रणालीवर प्रत्यक्ष वितरित झालेला निधी किती आहे; (४) उर्वरित निधी कोणत्या महिन्यात वितरित करण्यात येईल?’

यात ‘नाही’ म्हणायला जागा नाही. एक तारीख, एक विभाग, एका खात्याचे काम. त्यापलीकडे ताणू नये. दहा वर्षांची, छत्तीस जिल्ह्यांची आणि सगळ्या खात्यांची माहिती एकाच प्रश्नात मागितली की तो अतारांकितात, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नांत, टाकला जातो किंवा ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढेच हाती येते. सहा जिल्ह्यांचा तक्ता मात्र विभागाला दोन दिवसांत करता येतो, कारण ही माहिती प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या नोंदवहीत असतेच. देयकांच्या वयाचा भाग (२) सर्वांत मोलाचा आहे. एकूण रक्कम मोठी असली तरी बहुतेक देयके तीन महिन्यांच्या आतली असतील तर ती नेहमीची रीत आहे. वर्षाहून जुनी देयके साचली असतील तर तरतुदीपेक्षा जास्त कामांना मंजुरी दिली गेली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पॅकेजबद्दल विचारतानाही हेच पथ्य पाळावे. ३१,६२८ कोटींपैकी आधीच्याच योजनांच्या तरतुदीतून किती येणार आणि नव्याने किती? ठराविक तारखेपर्यंत किती रक्कम प्रत्यक्ष खात्यांत जमा झाली? खात्यात जमा, मंजूर आणि जाहीर हे तीन वेगळे आकडे आहेत. कापूस आणि सोयाबीन गेलेल्या शेतकऱ्याच्या कामाचा त्यातला पहिलाच. पुरवणी मागण्यांतही ठोक रक्कम आणि निव्वळ भार, म्हणजे तिजोरीवर प्रत्यक्ष पडणारा बोजा, वेगळा असतो. सदस्याने निव्वळ भार विचारावा, नाहीतर मोठ्या आकड्यावर भाषणे होतात आणि खरा बोजा बाजूलाच राहतो.

कर्जाच्या प्रश्नाला ‘कर्ज राज्य स्थूल उत्पन्नाच्या प्रमाणात ठरलेल्या मर्यादेत आहे’ हे ठरलेले उत्तर येते. ते टाळायचे तर तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. महामंडळांच्या कर्जांना राज्याने दिलेली हमी किती? यंदा फेडायचे मुद्दल आणि व्याज मिळून किती? आणि चालू वर्षात किती दिवस अर्थोपाय अग्रिम घ्यावे लागले, किती दिवस ओव्हरड्राफ्टमध्ये गेले? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण तिजोरीची नाडी त्यातच कळते. रोजच्या शिलकीला तूट पडली की राज्य रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीची उचल घेते, ती अर्थोपाय अग्रिम. तिची मर्यादा ओलांडली की ओव्हरड्राफ्ट. तो ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त सलग चालला तर बँक राज्याची देणी चुकती करणे थांबवू शकते. केंद्राची आणि राज्यांची मुख्य खाती ठेवणारा रिझर्व्ह बँकेचा केंद्रीय लेखा विभाग नागपुरातच आहे, संविधान चौकात, विधानभवनापासून चालत दहा मिनिटांवर. राज्याचे लेखे ठेवणाऱ्या महालेखाकारांचे कार्यालयही सिव्हिल लाइन्समध्येच. राज्याचे मासिक लेखे संकेतस्थळावर असतात. सदस्याने ते उघडून उत्तरातल्या आकड्याशी ताडून पाहावेत आणि फरक दिसला तर पहिला उपप्रश्न त्याच फरकावर टाकावा.

उपप्रश्नांचे मात्र फार नुकसान होते. एकेका प्रश्नावर वीस-तीस सदस्यांची नावे असतात, प्रत्येकाला बोलायचे असते आणि बहुतेक वेळ प्रास्ताविकात जातो. छापील उत्तरातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलेला दोन वाक्यांचा उपप्रश्न मंत्र्यांना चुकवता येत नाही. ज्यांची तारांकिताची मुदत हुकली असेल त्यांच्यापुढे नियम २९३ खालची चर्चा आणि पुरवणी मागण्यांवरच्या कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव) आहेत. तक्ता तिथेही मागता येतो.

आता उत्तराकडे. मुख्यमंत्रीच का? बांधकाम खात्याला विचारले तर ‘वित्त विभागाकडे निधीची मागणी केली आहे’ असे उत्तर येते. वित्त विभागाला विचारले तर ‘तरतुदीच्या मर्यादेत खर्च करणे ही संबंधित विभागाची जबाबदारी आहे’ असे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात आणि प्रश्न मधल्यामध्ये लटकतो. कोणते देणे आधी फेडायचे आणि कोणते मागे ठेवायचे हा निर्णय एका खात्याचा नसतोच. ही टोलवाटोलवी थांबवण्याचा अधिकार फक्त मुख्यमंत्र्यांना आहे. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी एक पानाचे विवरण पटलावर ठेवावे. रकाने पाच : खाते, ठराविक तारखेची थकबाकी, त्यातली १८० दिवसांहून जुनी, आजवर वितरित निधी, उरलेला कधी देणार तो महिना. हे पान सदस्यांच्या हाती त्याच संध्याकाळी पडले तर दुसऱ्या दिवशीचा प्रश्नोत्तरांचा तास आरडाओरडीत जाणार नाही.

उत्तर देताना आकड्यासोबत तारीख आणि तो कोणत्या लेख्यातून घेतला हे सांगावे. माहिती हाताशी नसेल तर ‘अमुक तारखेला पटलावर ठेवतो’ म्हणावे. ‘सकारात्मक विचार करू’ आणि ‘दालनात बैठक लावू’ ही उत्तरे सभागृहाची बोळवण आहेत. त्यात काय करणार, कोण करणार आणि कधी, हे काहीच नसल्याने मंत्र्यांच्या आश्वासनांवर लक्ष ठेवणाऱ्या आश्वासन समितीला पाठपुरावा करायला धागाच उरत नाही.

आकडे उघड सांगितले तर बाजार बिथरतो, कर्ज महागते, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. १९९१ आठवावे. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढे उरले होते. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवले. तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव. १९८४ आणि १९८९ मध्ये आपल्या रामटेकने लोकसभेवर पाठवलेले. सोने बाहेर चालल्याचे लोकांना आधी कळले ते वर्तमानपत्रातून आणि त्यामुळेच धक्का जास्त बसला. लपवलेला आकडा बाहेर येतोच.

नेमक्या प्रश्नाची ताकदही आपल्या संसदेने पाहिली आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गुंतवले. विषय लोकसभेत आधी प्रश्नांतून आला आणि सुरुवातीची उत्तरे मोघम होती. त्याच वर्षी डिसेंबरात खासदार फिरोज गांधींनी तारखा आणि भाव यांसह तो पुन्हा मांडला, चौकशीसाठी छागला आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

ब्रिटनमध्ये पंतप्रधान दर बुधवारी अर्धा तास उत्तरे देतात आणि बहुतेक प्रश्न त्यांना आधी कळत नाहीत. आपल्याकडेही तसेच हवे असे पुष्कळांना वाटते. आम्हाला वाटत नाही. डिसेंबर २००८ मध्ये ऐन बँक संकटात गॉर्डन ब्राउन यांना ‘बँका वाचवल्या’ म्हणायचे होते, तोंडून ‘जग वाचवले’ निघाले आणि पुढची मिनिटे हशात गेली. बँकांवरचा प्रश्न मागेच पडला. अचानक प्रश्नांनी वक्तृत्व कळते; थकबाकीचा आकडा आधी लेखी सूचना दिली तरच मिळतो. ती पद्धत आपल्याकडे आहे आणि ती नीट वापरली पाहिजे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. अधिवेशनाच्या काळात रोज एक छोटी चौकट छापावी : त्या दिवशी तारांकित प्रश्न किती, तोंडी उत्तरे किती झाली, किती राखून ठेवले आणि किती उत्तरांत ‘प्रश्न उद्भवत नाही’ आले. जागा चार ओळींची लागेल. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा घेऊन निघालेल्यांना आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवले गेलेल्यांना आत काय झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून कळेल.

आपले,
विधिमंडळ कामकाज व राज्य वित्त विषयाचे काही अभ्यासक,
धरमपेठ, नागपूर