चिंगीचे टाके आणि इंग्रजी कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेत घरी शिवणकाम करते. गेल्या महिन्यात आमच्या चिंगी मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. डॉक्टरांच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण निघताना एक छापील कागद मिळाला, तो सगळा इंग्रजीत. मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर भूल पुरती उतरली नव्हती. मागचे पाय लटपटत होते, कान गार लागत होते. जुन्या सुती साडीची घडी जमिनीवर घातली, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. रात्री ती कण्हायला लागली. शेजारच्या काकू मायेनंच म्हणाल्या, "तापाची अर्धी गोळी दुधातून दे." मी गोळी कुटलीसुद्धा होती. तेवढ्यात कॉलेजात शिकणारा भाचा आला, त्यानं कागद वाचला आणि वाटी माझ्या हातातून काढून घेतली. तापाच्या गोळीतलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याच्या यकृताला ते झेपत नाही, रक्त बिघडतं, अर्ध्या गोळीनंही मांजर दगावू शकतं. कागदावर हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी चूक मात्र माझीच झाली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर दाराला आपटत होती, कीव आली म्हणून थोडा वेळ काढली. चिंगीनं चाटून चाटून कडेचा एक टाका उसवला. उसवलेली शिवण मी रोज बघते, पण ती ओलसर लाल कड बघून माझे हात गार पडले. हळद न लावता तशीच दवाखान्यात नेली, टाका पुन्हा घातला. मग जुन्या लेगिंगचा पाय कापून, चार भोकं पाडून तिला अंगरखा केला. पोटावर सैल, पण जीभ पोचणार नाही असा. जखम सकाळ-संध्याकाळ बघत होते: सूज, पू, वास. हिरड्या पांढऱ्या पडल्या तर आत रक्तस्राव होत असू शकतो, लगेच दवाखाना गाठायचा, हेही त्याच कागदावर होतं. बाराव्या दिवशी टाके निघाले.

मिरज-सांगलीत मांजर-कुत्री पाळणारी माझ्यासारखी पुष्कळ घरं आहेत आणि प्रत्येक घरी इंग्रजी वाचणारा भाचा नसतो. सगळ्या प्राणी दवाखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत द्या. गोळीची ओळ सगळ्यात वर घाला. आमच्या कागदाचं मराठी भाच्यानं करून दिलंय, मी ते डॉक्टरांकडे नेऊन दिलं. छापून घेतो म्हणालेत.

– एक वाचक, मिरज