तीनचाकी स्कूटरचे ब्रेक कोणी तपासायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्याला खारेगावात राहतो आणि नोकरी वागळे इस्टेटला. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय कामाचा राहिला नाही, म्हणून गेली ११ वर्षं साइड व्हील लावलेली स्कूटर चालवतोय, सध्याची ही दुसरी. मोजायला गेलं तर चाकं चार होतात कारण मूळ मागचं चाक मधे तसंच असतं, पण आमच्यात सगळे तीनचाकीच म्हणतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशा गाड्या तुम्ही रोज बघता, स्टेशनबाहेर, कोर्ट नाक्याला, वाशीच्या सिग्नलला. या गाड्यांच्या ब्रेक पॅडबद्दल लिहायचंय. विषय छोटा वाटेल, पण गेल्या पावसाळ्यात माझ्यावर जे बेतलं त्यानंतर मला हा विषय छोटा वाटत नाही.

जुलैमधली संध्याकाळ, पाऊस धो धो, मी आणि मागे माझी मुलगी क्लासवरून घरी येत होतो. कळव्याचा खाडी पूल उतरताना पुढची बस थांबली म्हणून मी दोन्ही ब्रेक दाबले तर पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा करकर आवाज आला, लिव्हर जवळजवळ मुठीला टेकला आणि गाडी थांबायच्या ऐवजी चालतच राहिली. डावीकडे कठड्याला थोडी जागा होती तिथे घेतली म्हणून वाचलो. साधी दुचाकीवाला ऐनवेळी पाय टेकवू शकतो, गाडी झुकवून बाजूने काढू शकतो. आमची गाडी झुकत नाही आणि पाय टेकवायचा प्रश्नच नाही, आमच्याकडे फक्त ब्रेक असतो.

त्याच्या एकच महिना आधी मी एका सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. जॉब कार्डवर पुढच्या ब्रेकसमोर ओके लिहिलेलं होतं. त्याच्या आधी पॅडही तिथेच बदललेले, म्हणजे मी हयगय केली असं नाही. दुसऱ्या दिवशी माझा मेव्हणा आला, तो रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, त्याने सोसायटीच्या आवारातच कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला (चकतीला) दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग, खोलला. एक पॅड पार घासून नुसती लोखंडी पट्टी उरलेली आणि दुसऱ्या बाजूचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक! तो म्हणाला, "भावजी, पॅड खराब नाहीयेत, कॅलिपर अडकलाय." कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, म्हणून एकच पॅड डिस्कला लागत होता आणि दुसरा नुसता बसून होता. वरून जाळीतून बघितलं की बाहेरचा जाड पॅड दिसतो, आतला दिसतच नाही. बहुतेक तेवढंच बघून ओके लिहिलं गेलं असणार.

आमच्या गाडीला हे जास्त का बाधतं तेही सांगतो. साइड व्हील, त्यांचा दांडा, जास्तीचे शॉकॲब्सॉर्बर या सगळ्याचं वजन मूळ गाडीत नव्हतं, कंपनीने ब्रेक त्या वजनासाठी बनवलेला नाही. माझ्या किटमधल्या साइड व्हीलना ब्रेकच नाहीत. मागचा ड्रम ब्रेक फक्त मधल्या चाकाला, आणि खड्ड्यावर दोन्ही साइड व्हील कडेला टेकून मधलं चाक अधांतरी राहिलं की तो ब्रेक कितीही दाबा, चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी पुढे जाते. ठाण्यात खड्डे किती ते मी सांगायची गरज नाही. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारा) किंवा एबीएस (चाक अडकू न देणारा) सक्तीचा झाला, त्याचा आम्हाला खरंच फायदा झाला, कारण डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकपण थोडा लागतो. पण शेवटी सगळा भार पुढच्या त्या दोन छोट्या पॅडवर येतो. माझ्या आधीच्या गाडीला साइड व्हील लावायच्या अगोदर घरचे लोक ती दुचाकी म्हणून चालवायचे तेव्हा पॅड १५-१६ हजार किलोमीटर चालायचे, साइड व्हील लावल्यावर तेच पॅड ८ हजारात संपायला लागले. म्हणजे सर्व्हिस बुकमधला किलोमीटरचा आकडा आमच्या कामाचा नाही. दर महिन्याला टॉर्च मारून दोन्ही बाजूचे पॅड बघायचे, मसाला, म्हणजे पट्टीवरचा घासणारा थर, २ मिलिमीटरच्या खाली गेला की थांबायचं नाही, सरळ बदलायचे.

पॅड घेताना दुकानदार पहिलं वाक्य काय म्हणतो तर "सगळ्या १२५ ला हाच बसतो". हे खरं नाही. जुना पॅड काढून सोबत न्यावा आणि नव्यावर ठेवून बघावा, भोकं, कान, पट्टीची जाडी सगळं जुळलं पाहिजे, नुसता आकार सारखा दिसून भागत नाही. पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव हवं. आमच्या गाडीतून जे निघाले त्यांच्या पाठीवर एक अक्षर नव्हतं! चांगल्या पॅडच्या पट्टीवर किंवा मसाल्याच्या कडेला बऱ्याचदा कोड असतो, त्यात एफएफ, जीजी, एचएच अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं पॅड तापल्यावर किती राहतं ते. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच त्याच्यावर. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड उतारावर तापल्यावर ढिला पडणार, येऊरचा उतार किंवा गायमुखचा घाट उतरणाऱ्याने हे बघितलंच पाहिजे.

मसाल्यातपण प्रकार आहेत. ऑरगॅनिक म्हणजे तंतू आणि राळेचा, तो आवाज करत नाही, डिस्कला सांभाळतो पण लवकर झिजतो आणि फार तापला की पकड सोडतो. सिंटर्ड म्हणजे धातूची पावडर दाबून आणि तापवून केलेला, पावसात आणि गरमीत चांगला धरतो पण डिस्क खातो आणि महागपण असतो. मधला सेमी मेटॅलिक. आमच्या ओळखीत दोघातिघांनी जास्त पकड मिळावी म्हणून सिंटर्ड टाकले. माझं मत विचाराल तर स्कूटरची डिस्क छोटी आणि पातळ असते, ती त्या पॅडसाठी बनवली आहे असं कंपनी म्हणत नसेल तर टाकू नका, चेसिस नंबर सांगून कंपनीचाच पॅड घ्या आणि लवकर लवकर बदला, ५०-१०० रुपयांसाठी बिननावाचा घेऊ नका. डिस्कवर कमीत कमी जाडी किती चालेल तो आकडा कोरलेला असतो, पॅड बदलताना तीपण मोजून घ्या, आणि कडेला धार आली असेल, खोल चऱ्या पडल्या असतील तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून धूळ आणि बारीक खडी इतकी असते की डिस्कवर चऱ्या पडतातच.

आता बसवण्याबद्दल, कारण खरी चूक तिथेच होते. त्या दिवशी मेव्हण्याने केलं ते मी बाजूला पाटावर बसून बघितलं आणि आता स्वतः करतो. आमची गाडी स्वतःच उभी राहते हा एक फायदा आहे, सपाट जागी लावून मागचा ब्रेक लॉक करायचा, चाकांना विटा लावायच्या, हँडल एका बाजूला वळवलं की कॅलिपर समोर येतो. पॅडची पिन कॅलिपर गाडीवर असतानाच सैल करायची, नंतर हातात धरून ती सुटत नाही. मग दोन बोल्ट काढून कॅलिपर बाहेर, आणि तो ब्रेकच्या पाइपवर लटकू द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारा दट्ट्या, मागे ढकलायच्या आधी तो ब्रेक ऑइल आणि जुन्या टूथब्रशने पुसून घ्यायचा, नाहीतर बाहेरची घाण सीलमधून आत जाते आणि पुढच्या वेळी पिस्टन अडकतो. पिस्टन ढकलताना जुना पॅड मधे ठेवून हळूहळू ढकलायचा, स्क्रू ड्रायव्हरने ठोकायचं नाही. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढून भोवती फडकं गुंडाळायचं कारण ऑइल वर येतं आणि ते रंगावर पडलं की रंग खातं, पडलंच तर लगेच पाणी मारायचं. टाकीत ऑइल कमी दिसलं की गॅरेजवाले लगेच वरून भरतात, पण पॅड झिजले की पातळी आपोआप खाली जाते, म्हणून आधी पॅड बघा मग ऑइल घाला.

सरकणाऱ्या दोन्ही पिना काढून, गंज घासून, रबराला चालेल असं सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं चाकाचं ग्रीस लावलं की रबर फुगतं. या पिना हाताने सहज मागे पुढे व्हायला पाहिजेत. माझा सगळा अपघात हे ५ मिनिटांचं काम न केल्यामुळे झाला असता म्हणून हे परत परत सांगतोय. बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढेच आवळायचे. पॅड बाहेर असताना लिव्हर दाबायचा नाही, आणि सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर १०-१२ वेळा दाबायचा, पहिले काही वेळा तो पोकळ जातो, हे न करता गाडी काढली तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही. पहिले २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे टाळायचे, मोकळ्या रस्त्यावर ३५-४० च्या वेगावरून १० पर्यंत असं हळूहळू दाबत मसाला डिस्कवर बसू द्यायचा. ब्रेक ऑइलपण हवेतला ओलावा पितं, आपल्याकडे पावसाळ्यात तर जास्तच. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) कोरडं असताना २०५ अंशाला उकळतं, ओलावा शिरला की १४०, डॉट ४ चं २३० वरून १५५ वर येतं, उकळलं की आत वाफ होते आणि लिव्हर स्पंजसारखा लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच.

अजून एक गोष्ट, धुवून झाल्यावर गाडी चमकावी म्हणून वॉशिंगवाले डिझेल नाहीतर पॉलिशचा स्प्रे सगळीकडे मारतात. तो डिस्कवर बसला की पॅड ते शोषून घेतो, मग पॉलिश पेपरने घासूनही तो पॅड परत पहिल्यासारखा होत नाही. मी आता डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधूनच गाडी धुवायला देतो.

आता मागणीचं बोलतो. रिक्षाला पासिंग असतं, ठराविक मुदतीने आरटीओला जावं लागतं, तिथे ब्रेक बघतात. आमची गाडी प्रायव्हेट, साइड व्हील लावल्याची नोंद आरसीवर एकदा झाली की १५ वर्षं तिच्या ब्रेककडे सरकारी माणूस कोणी बघत नाही. पीयूसीत धूर बघतात, ब्रेक नाही. मला त्रासदायक पासिंग नकोय, पायऱ्या चढून रांगेत उभं राहणं आमच्यातल्या अनेकांना जमत नाही. पण जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात, हेल्मेटचे फलक लागतात, त्यातच एमएच ०४ (ठाणे) आणि एमएच ४३ (नवी मुंबई) च्या साइड व्हील गाड्यांसाठी वर्षातून एक दिवस मोफत ब्रेक तपासणी ठेवता येईल, एक मोकळं मैदान, दोन मेकॅनिक आणि एक टॉर्च एवढंच लागतं. साइड व्हील लावल्यावर नोंद करतानाच, या गाडीचे पॅड दर अमुक महिन्यांनी बघा असं एक पत्रक हातात दिलं तरी चालेल.

आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना विनंती, जुने पॅड पिशवीत घालून आम्हाला परत द्या, दोन्ही बाजूचे द्या, आतला पॅड किती उरलाय ते मिलिमीटरमध्ये कार्डवर लिहा, ओके लिहू नका. साइड व्हीलची गाडी रॅम्पवर चढत नाही म्हणून बरेच जण पुढचं चाक न उचलताच काम उरकतात, त्यासाठी वेगळा स्टँड लागतो, तो ठेवा. मी एवढं लिहिलं कारण मागे बसलेल्या मुलीने त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत माझा शर्ट सोडला नव्हता.

तपासणीचा दिवस ठरला तर मी सकाळीच गाडी घेऊन येईन. तो घासलेला पॅड आणि त्याच्या जोडीचा जाड पॅड दोन्ही मी कपाटात ठेवलेत, तेपण घेऊन येईन, ज्याला बघायचे असतील त्याने हातात घेऊन बघावेत.

आपला,
एक वाचक, खारेगाव, कळवा (ठाणे)